पिशवीतलं शिसं

"झेलीताई, उद्या माझा परवाना जाणार. मी शिसं झाडलेलं नाही हो!"

यूलिस गिड्री दारातच उभा होता, बुटांना दलदलीचा चिखल तसाच. पाहुण्यांना बदकांच्या शिकारीला नेण्यावर त्याचं घर चालत होतं. परवाना गेला की चूलच विझली.

झेली रोबिशो खासगी तपासनीस. सोबतीला तिचा दीर ऑक्टाव, मुख्यतः जेवायला.

"तुझ्या पिशवीत शिशाची काडतुसं मिळाली ना?" तिनं विचारलं.

"म्हणतात तसं. मला दाखवलीसुद्धा नाहीत. मी बिस्मथ धातूचे छर्रे वापरले, ताई; त्यांना बंदी नाही. जुन्या नळीला पोलाद सोसत नाही."

"बिस्मथ?" ऑक्टाव हसला. "चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला!"

"भाऊजी, टोपी घाला. निघायचंय."

शिकार-रक्षक लँड्री तरुण आणि ताठ होता. पाणपक्ष्यांवर शिसं झाडायला बंदी. तळाला पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि मरतात. त्यानं काडतुसं पुढे केली. "निनावी फोन आला. शिकाऱ्यांच्या कॅम्पच्या ओसरीवर पिशवी होती, तिच्यात ही बारा बोअरची. शिवाय बदकातला छर्रा लोहचुंबकाला चिकटला नाही. इथं सगळे पोलाद वापरतात. चिकटला नाही म्हणजे शिसंच."

"बंदूक पाहिलीत?"

"बोटीत होती, खोळीत. त्याची बारा बोअरची पंप-बंदूक कोणाला माहीत नाही?"

यूलिसचा चुलतभाऊ रेमी सकाळी त्याच्या शेजारीच आडोशात बसला होता. यूलिसच्या पाहुण्यांवर त्याचा डोळा आहे, असं गाव म्हणे.

"पहाटे त्याच्या पंपाची पिन तुटली," रेमी म्हणाला. "मग घरून आजोबांची दुनळी आणली, बारीक तोंडाची. मी खूप चिडवलं. पण एक नेम चुकला नाही! कॅम्पवर बंदूक बोटीतच ठेवली, पिशवी ओसरीवर टाकली आणि आत कॉफी प्यालो. डेल्मा बाहेर चुलीवर गम्बोचं कालवण ढवळत होता."

डेल्मा हाही वाटाड्याच, पण त्याला पाहुणे मिळेनात, म्हणून कॅम्पवर रांधायचा. तो हळहळला. "वाईट वाटतं, बाई. पण हाव माणसाला खाते. सकाळी इथून ऐकले ना मी, एकाच बंदुकीचे तीन बार, धाड धाड धाड! त्याचा पंप मी झोपेतही ओळखतो."

"गम्बो फक्कड झालाय," झेली म्हणाली. ऑक्टावनं तिसरी वाटी पुढे केली.

दुपारी तिनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि यूलिसची बंदूक खोळीतून काढली.

"लँड्री, ते काडतूस ह्यात घाला."

लँड्रीनं घातलं, मग दाबलं. काडतूस शिरेना.

"ही सोळा बोअरची आहे; आकडा मोठा तितकी नळी बारीक. बाराचं जाड काडतूस हिच्यात बसतच नाही. न बसणारी काडतुसं यूलिस कशाला वाहील? आता तो छर्रा द्या." तिनं तो कढईच्या बुडावर ठेवून हातोडी मारली. छर्ऱ्याचा चुरा झाला. "शिसं चपटं होतं. फुटतं ते बिस्मथ."

"मग काडतुसं ठेवली कोणी? रेमीनं?" ऑक्टावनं विचारलं.

"रेमीनं दुनळी पाहिली होती, भाऊजी. फसवायचंच असतं तर त्यानं सोळाची निवडली असती. बाराची निवडली ती यूलिसच्या हातात आजही पंपच आहे, असं समजणाऱ्यानं." ती वळली. "काय रे डेल्मा, दुनळीतून सलग तीन बार कसे निघाले?"

डेल्माचा चेहरा पडला. "सगळे त्यालाच मागतात! मी काय जन्मभर चूल फुंकू?"

रेमीनं आरोळी ठोकली. लँड्रीनं टोपी काढली आणि रद्द करायला घेतलेला परवाना यूलिसच्या हातात परत ठेवला. "काका, चुकलो मी."

यूलिसला रडू फुटलं आणि हसूही. "चुकलास खरा. पण चारचौघांत कबूल केलंस. ये, जेवायला बस."

रात्री गाव ओसरीवर मावेना. आणि दुसऱ्या पहाटे यूलिसच्या बोटीत पहिला पाहुणा म्हणून चढला तो लँड्री.