अर्धं ओझं

शिकारीला काय काय न्यायचं हे ठरवण्यात ऑरिन टोफ्टला शिकारीपेक्षा जास्त गंमत वाटायची. यंदा मात्र तेही जिवावर आलं होतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर सगळं सामान पसरून तो एकेक वस्तू बायकोच्या वजनकाट्यावर ठेवत होता. वजन वाचवायला त्याने टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापून टाकली होती.

"आणि एकसष्ट वर्षांचे गुडघे? तेही ठेव की काट्यावर," मार्लिस म्हणाली.

"गुडघे तुझ्याकडेच ठेवून जातो. सांभाळ."

ती हसली नाही. "दोघांचं ओझं तू एकटा उचलणार, ऑरिन?"

"सगळं नवीन आणि हलकं घेतलंय गं. त्रेचाळीस पौंडांत बसतं."

सव्वीस वर्षं ऑरिन आणि वेंडल ट्वेट दर ऑक्टोबरात मोंटानाच्या त्याच डोंगरात एल्क या मोठ्या हरणांच्या मागे जात आणि ओझं वाटून घेत. तंबूचं कापड आणि स्टोव्ह ऑरिनच्या सॅकमध्ये, तंबूच्या काठ्या आणि गॅसचा डबा वेंडलच्या. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली होती की कोणी त्यावर अवाक्षर बोलत नसे. गेल्या साली खिंडीच्या खाली ऑरिनच्या गुडघ्यांनी दगा दिला. "तू उतर खाली. मी एक रात्र काढतो आणि येतो," वेंडल म्हणाला. दोघांनी आपापली सॅक उचलली आणि ते दोन दिशांना निघाले.

गाडीपाशी पोचून ऑरिनने सॅक उघडली, तर तंबूचं कापड त्याच्याकडेच होतं. दुपारचे दोन वाजले होते आणि वर आभाळ काळं झालं होतं. परत चढायला पाच तास लागले असते आणि तो फार दमला होता. हीटर लावून तो गाडीत बसला. वेंडल हुशार आहे, त्याच्याही लक्षात येईल, तो उतरेल, असं स्वतःला समजावत राहिला.

वेंडल उतरला नाही. शोधणाऱ्यांना नऊ दिवसांत त्याची टोपीसुद्धा मिळाली नाही. लोक हळहळले, नशीब म्हणाले. दुपारी दोनची ती गोष्ट ऑरिनने मार्लिसलाही सांगितली नव्हती. यंदाची शिकार नावापुरती होती. त्याला वेंडलला खाली आणायचं होतं, जे काही उरलं असेल ते.

सकाळी नऊला तो चढायला लागला. तासाभरात पट्टे खांद्यात रुतले. ओढा ओलांडताना मात्र सॅक अचानक हलकी झाली, कोणी खालून हात लावावा तशी. जळक्या पाइनच्या रानात ती आणखी हलकी झाली. शहाण्या माणसाने तिथेच सॅक उतरवून पाहिली असती. पण दमलेल्या माणसाला सूट मिळाली तर तो कशाला चौकशी करतो? मागून खडे घरंगळल्याचा आवाज येई आणि तो थांबला की आवाजही थांबे. हवेत ओल्या लोकरीचा वास होता. ऑरिनने मागे वळून पाहिलं नाही.

खिंडीच्या खाली पोचेपर्यंत बर्फ पडायला लागला. त्याने सॅक उघडली. तंबूचं कापड होतं. स्टोव्ह होता. काठ्या नव्हत्या, गॅसचा डबाही नव्हता. स्वतःच्या हातांनी वजन करून भरलेल्या वस्तू! त्याने सॅक उलटी करून बर्फावर झटकली.

आत्ता निघालं तर अंधार पडायच्या आत गाडी गाठता आली असती. पाय आपोआप उताराकडे वळलेसुद्धा. पण त्याला स्वतःचीच शिसारी आली आणि तो त्या कापडावर मटकन बसला.

"वेंडल..." तो पुटपुटला. "मला ठाऊक होतं रे. गाडीपाशीच कळलं होतं... मी आलो नाही."

वरच्या चढावरून आवाज आला. टक.

तंबूच्या काठीचे तुकडे एकमेकांत बसताना होतो तो आवाज. टक... बराच वेळ काही नाही... टक. बोटं बधिर झालेल्या माणसाने जोडावेत तसे सावकाश.

ऑरिन उठला, त्याने कापड झटकलं आणि दरवर्षीसारखं आपलं टोक हातात धरलं. दुसऱ्या टोकाकडे बघायची हिंमत होईना, म्हणून डोळे मिटले.

"धरलंय मी..."

दुसरं टोक बर्फावरून उचललं गेलं आणि कापड ताणलं गेलं.

सकाळी तो उभ्या तंबूत जागा झाला. गॅस अर्धा संपला होता. चहा केल्याचं त्याला आठवत नव्हतं. बाहेर बर्फ सपाट होता आणि वेंडलचा कुठेच मागमूस नव्हता. "चल, आता दोघं मिळून उतरू," ऑरिन मोकळ्या हवेला म्हणाला. खाली येईपर्यंत सॅक हलकीच राहिली.

त्याने सॅक गाडीच्या मागे टाकली आणि इंजिन सुरू केलं. लगेच टिंगटिंग सुरू झाली. शेजारच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही की ही गाडी अशी कटकट करून जीव खाते. सीट रिकामी होती.

"पट्टा लाव," ऑरिन कसाबसा म्हणाला.

टिंगटिंग थांबली.

चाळीस मैल त्याने शेजारच्या सीटकडे न बघता गाडी चालवली. वेंडलच्या फाटकाशी त्याने गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. घराच्या धुराड्यातून धूर येत होता. इंग्रिड, वेंडलची बायको, खिडकीपाशी येऊन बघायला लागली.

"आलं तुझं घर. उतर."

पट्टा सुटला असता तर गाडी पुन्हा ओरडली असती. ती गप्पच होती. ऑरिनने वाकून त्या बाजूचं दार उघडलं. गार वारा आत आला.

"उतर ना, वेंडल... ती वाट बघतेय रे."

तो किती वेळ तसा बसला होता कोण जाणे. मग आतून कोणी ओढून घ्यावं तसं ते दार हळूच लागलं.