हजार चमचे दूध, एक चमचा विरजण

केतकीने अख्ख्या वसाहतीला दहीभाताचं आमंत्रण देऊन टाकलं होतं, आणि विरजण होतं फक्त चमचाभर!

मंगळावरच्या त्या वसाहतीत चाळीस माणसं राहत होती. सहा महिन्यांत कुणी दह्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पृथ्वीवरून आणलेलं विरजण प्रवासात बहुतेक मेलं, उरला होता हा शेवटचा चमचा. तो आज वाया गेला तर पुढचं यान यायला दोन वर्षं! पण केतकी बारा वर्षांची होती. या वयात माणूस आधी आमंत्रण देतो आणि मग भांडं शोधतो. तिने पावडरीचं दूध कोमट करून ठेवलं होतं, चांगलं हजार चमचे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला यंत्रमानव बत्ता लगबगीने आत आला.

"केतकीताई, धुळीचं वादळ येतंय. सूर्यप्रकाश मिळणार नाही. उबपेटीला आता फक्त पाच तास वीज. नंतर इथे सगळं गारठणार."

"पाच तास? मग काय घाबरतोस!" केतकी हसली. "ऐक. एका चमच्यातले जिवाणू हजारपट झाले की हजार चमचे दह्याचे झाले. दहा गुणिले दहा गुणिले दहा म्हणजे हजार. हजाराचा लॉग तीन. तीन तासांत दही तयार!"

तिने चमचा भांड्यावर धरला. तो आता तिरपा होणार, इतक्यात दारातून आवाज आला, "थांब! तीन काय?"

ते तिचे आजोबा होते. वसाहतीचे जीवशास्त्रज्ञ, आणि नातीच्या मते जगातले सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारे गृहस्थ.

"तीन तास, आजोबा."

"तास कुठून आले? लॉग म्हणजे काय ते सांग बघू."

"लघुगणक. हजार मिळवायला किती दहा एकमेकांशी गुणायचे, ती संख्या. पाया दहा असला की सामान्य लघुगणक." केतकीने घडाघडा सांगितलं.

"शाबास. म्हणजे तुझे तीन आहेत तीन दहापटी. दहापट व्हायला जिवाणूंना एकच तास लागतो, हे ठरवलं कुणी? तू?"

केतकीने चमचा हळूच मागे घेतला.

"आता बघ," आजोबा भराभर बोलू लागले, कारण त्यांनाही वादळ दिसत होतं. "मी आपल्या जिवाणूंचा वेग मोजलाय. तासाला जितके आहेत तितकीच भर, असा वेग. तर एकाचे तासाने किती?"

"दोन."

"भर तासाच्या शेवटी एकदम पडली तर दोन. पण जिवाणू घड्याळाकडे बघत बसतात का? अर्ध्या तासाने अर्धी भर पडली, दीड झाले. पुढच्या अर्ध्या तासात त्या दिडाच्या निम्मी भर."

"दीड अधिक पाऊण... सव्वादोन! वाढलेलेही वाढतात!"

"पाव पाव तासाने मोजलं तर २.४४," बत्ता म्हणाला. "मिनिटामिनिटाने मोजलं तर जवळजवळ २.७."

"मग क्षणाक्षणाने मोजलं तर शंभर होतील!" केतकी ओरडली.

"तीच तर गंमत आहे!" आजोबा म्हणाले. "नाही होत. कितीही बारीक तुकडे करा, आकडा २.७१८च्या आसपास अडतो. या संख्येला 'ई' म्हणतात. जे सतत वाढतं, त्याच्यासाठी हा पाया सोयीचा. हा पाया धरला की होतो नैसर्गिक लघुगणक. आपल्या जिवाणूंना एका ई-पटीला बरोबर एक तास लागतो, म्हणून हा लॉग थेट तास सांगतो."

"हजाराचा नैसर्गिक लॉग किती?"

"सामान्य लॉगला २.३०३ने गुण. एका दहापटीत तेवढ्या ई-पटी मावतात."

केतकीने गुणलं आणि तिचा चेहरा उतरला. "सहा पूर्णांक नऊ तास! दोन तास कमी पडतायत."

"अर्धवट विरजलेलं दूध थंडीत नासतं. नीट लागलेलं दही टिकतं," बत्ताने सांगितलं. त्याला कुठे काय बोलू नये हे कधीच कळलं नाही.

"आणि विरजण काही वाढवता येत नाही," आजोबा हळू आवाजात म्हणाले.

केतकी भांड्याकडे बघत राहिली. चाळीस माणसं, हजार चमचे... पण हजारपट तरी कशाला? एकदम ती उडालीच!

"विरजण वाढवता येत नाही, पण दूध कमी करता येतं! आजोबा, उलटं विचारू या. पाच तासांत किती पट होतात? ई गुणिले ई, असे पाच ई!"

"प्रतिलघुगणक! एकशे अठ्ठेचाळीस," बत्ता म्हणाला.

"एकशे चाळीसच चमचे घे. थोडा वेळ हाताशी राहू दे!" केतकी म्हणाली.

बत्ताने दूध मोजलं. केतकीने श्वास रोखून चमचा रिकामा केला, ढवळलं आणि झाकण लावलं. ऊब जाऊ नये म्हणून झाकण उघडायचं नव्हतं. आत फक्त सामू (आंबटपणा मोजणारा अंक, तो उतरला की आंबटपणा वाढतो) मोजायची कांडी होती. तिच्या बाहेर राहिलेल्या टोकावर सुरुवातीला ६.६ होतं.

बाहेर लाल धूळ घोंघावत होती. तास सरकता सरकेना. पाचवा संपत आला, दिवे मंद झाले आणि वीज गेली. कांडीवर आकडा होता ४.६.

"दोनच अंकांनी उतरला," बत्ता म्हणाला. "किरकोळ फरक."

"किरकोळ?" केतकी नाचायलाच लागली. "अरे, सामू सामान्य लॉगवर चालतो! दोन अंक म्हणजे दोन दहापटी. शंभरपट आंबट झालंय ते! आजोबा, दही लागलं!"

आजोबांनी तिला उचलूनच घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

वादळ ओसरल्यावर झाकण उघडलं. दही असं घट्ट की चमचा उभा राहावा! केतकीने आधी पुढच्या खेपेचं विरजण बाजूला काढलं आणि मगच वाढायला घेतलं. प्रत्येकाच्या भातावर जेमतेम तीन चमचे आले. कुणी कुरकुर केली नाही. उलट सगळ्यांनी ताटं चाटूनपुसून साफ केली.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. डोंगरापलीकडच्या वसाहतीतून एक काकू अगदी शेजारणीसारख्या विचारत होत्या, "अहो, तुमच्याकडे दही लागलं म्हणे! चमचाभर विरजण मिळेल का?"

केतकीने झेप घेऊन माईक पकडला.

"मिळेल की, काकू! आधी सांगा, दूध किती आहे आणि उबपेटी किती तास चालते?"