लॅटिनच्या वर्गात दोघंच

"ताई, ह्ये कुठल्या देशाचं कानडी हाय?"

राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि शेवटी विचारलंच. संयोगिता देसाई आधीच वैतागलेली. बाहेर पावसाची रिपरिप, अंगावर ओली ओढणी आणि हातात दीडशे वर्षांपूर्वीच्या एका वनस्पतिग्रंथाचं पान. त्यातला एक शब्द कळेल तर शपथ.

"कानडी न्हाई हो, लॅटिन हाय. झाडाचं वर्णन हाय म्हणं. हे बघा — फोलिया ग्लाब्रा. आता ही ग्लाब्रा कोण, कुणाची, कुठली... देवालाच ठाऊक!"

"ग्लाब्रा म्हणजे टकली," मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं.

झेरॉक्सवाल्याचा हात झटकन स्वतःच्या डोक्यावर गेला. तिथं केस असे फारसे नव्हतेच.

"तुम्हाला नाही हो काका! पानं टकली आहेत. फोलिया म्हणजे पानं. पानांवर लव नाही, असं म्हणायचंय त्यांना."

संयोगितानं मागं वळून पाहिलं. निथळणारी छत्री अंगापासून लांब धरलेला, सडपातळ, चष्म्याच्या काचांवर थेंब घेऊन उभा असलेला एक तरुण. हसू ओठांवर येऊ द्यावं की नको, अशा विचारात पडलेला. तिला एकदम आपल्या ओढणीची, विस्कटलेल्या केसांची आठवण झाली. का झाली, ते तिला त्या वेळी कळलं नाही.

"तुम्हाला लॅटिन येतं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? मला शिकवाल?"

कोल्हापूरच्या पोरी अशाच. ओळख ना पाळख, सरळ मुद्द्यावर.

तो सम्मेद मगदूम. पेठ वडगावचा. कोल्हापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृत शिकवायचा. पुण्यात एम.ए. करताना एका निवृत्त पाद्रीबाबांकडं जाऊन तो लॅटिन शिकला होता, निव्वळ आवड म्हणून. लोक आवड म्हणून पत्ते खेळतात, क्रिकेट बघतात. ह्या माणसानं लॅटिन केलं! आणि संयोगिता गारगोटीजवळच्या खेड्यातली, भुदरगडच्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळपठारांवरच्या, रानफुलांवर पीएच.डी. करणारी, शहरात शाहूपुरीत आक्काकडं राहणारी. आक्का म्हणजे तिच्या वडलांची, बाळासोंची, थोरली बहीण. पण वडील आक्का म्हणतात म्हणून सगळं घरच तिला आक्का म्हणायचं. 'जुनी वर्णनं मुळातून वाचल्याशिवाय प्रबंधाला हात लावणार नाही,' असं मार्गदर्शक बाईंनी तिला बजावलं होतं. म्हणजे गरज तिची, विद्या त्याची. गाडी रुळावर यायला वेळ लागला नाही.

वर्ग भरायचा विद्यापीठात, वनस्पतिशास्त्राच्या व्हरांड्यातल्या बाकावर. गुरू एक, शिष्या एक, आणि पत्र्यावर पाऊस.

"घाबरू नका. शब्दांच्या जाती आठच," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद... सगळी आपलीच मंडळी. विभक्तीही आहेत. शाळेत स-ला-ते, स-ला-ना-ते घोकलंय ना?"

"घोकलंय की. छड्या खाऊन घोकलंय."

"मग अर्धं लॅटिन आलं तुम्हाला. प्रत्यय ओळखायचा आणि कोण कुणाचं, ते ठरवायचं. शब्द कुठंही बसू देत, प्रत्यय त्याला हुडकून देतो."

शिकवताना हा माणूस वेगळाच व्हायचा. एरवी दोन वाक्यांत संपणारा, पण नामाचं रूप चालवायला लागला की बोटं हवेत नाचायची, डोळे चमकायचे. संयोगिता पाठ करता करता त्या बोटांकडंच बघत बसायची.

"लक्ष कुठं आहे?"

"षष्ठीत," ती बिनदिक्कत ठोकून द्यायची.

एकदा त्यानं सांगितलं, की लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी असतात. वडसुद्धा, पिंपळसुद्धा.

"वड बाई हाय?" संयोगिता उडालीच. "मग वटपौर्णिमेला आमची आक्का इतकी वर्षं एका बाईलाच फेऱ्या मारत्या की हो!"

सम्मेद हसला. आवाज न करता हसायची त्याची रीत होती, पण त्या दिवशी आवाज झाला. व्हरांड्यातून जाणारे शिपाई मामा थबकून बघायला लागले. आपण ह्याला हसवलं, ह्याचाच तिला केवढा आनंद झाला! घरी जाऊन आरशासमोर तिनं दोनदा 'वड बाई हाय' असं म्हणून बघितलं.

"चला, मी जातो. उद्या येतो," निघताना ती म्हणाली.

"जातो? आत्ताच लिंग शिकवलं ना तुम्हाला?"

"कोल्हापूरच्या पोरी जातो-येतोच म्हणत्यात. तुमच्या वडगावात काय वेगळं हाय?"

"नाही, तिथंही तेच." तो चष्मा पुसत म्हणाला, "लॅटिनच्या क्रियापदाला लिंगच नाही. तो जातो, ती जाते — शब्द एकच. तुमच्यासारख्यांसाठीच केलीय जणू ही भाषा..."

तुमच्यासारख्यांसाठी! एवढंसं वाक्य, पण संयोगिता ते शाहूपुरीपर्यंत मनात घोळवत गेली आणि स्कूटी आक्काच्या घरापुढून चार घरं लांब नेऊन थांबवली.

श्रावण सरता सरता क्रियापदं आली. त्यानं 'पोर्तो' घेतलं. पोर्तो म्हणजे मी वाहून नेतो. पोर्तो, पोर्तास, पोर्तात... संयोगितानं मुकाट्यानं पाठ केलं. दुसऱ्या दिवशी मात्र ती येऊन बसली ती गाल फुगवूनच.

"मी इंटरनेटवर बघितलं. सगळ्या जगात क्रियापदं 'आमो'पासून शिकवतात. मी प्रेम करतो, तू प्रेम करतोस... तुम्ही मला ओझी का वाहायला लावलीत?"

सम्मेदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं पुस्तक उघडलं, मिटलं.

"ते... सावकाश घेऊ या म्हटलं."

"का? अवघड हाय?"

"रूप सोपं आहे," तो खाली बघत म्हणाला. "समोर बसून म्हणायला अवघड आहे."

त्या दिवशी संयोगिताला कळून चुकलं, की ती ह्या माणसाच्या प्रेमात पडलीय. नुसती पडली नाही, चांगली आपटलीय.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कागलचं स्थळ आलं. मुलगा विश्वजित, साखर कारखान्यात अभियंता, घरची शेती, माणसं सुस्वभावी. नाव ठेवायला जागाच नाही, हीच पंचाईत! त्यांना होकार-नकार गणपती झाल्यावर, रविवारी कळवायचा होता. बाळासोंनी गावाकडून निरोप दिला, 'पोरगी म्हणेल तसं.' पण पोरगीनं काय म्हणावं, ते एका तिसऱ्याच माणसाच्या तोंडावर अवलंबून होतं, आणि तो तोंड उघडेना.

शेवटी तिनंच विषय काढला. "रविवारी कागलच्या पाव्हण्यांना सांगायचंय. काय सांगू?"

सम्मेदचा चेहरा खर्रकन उतरला. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात थांबला.

"परवापासून आमचं जैनांचं दशलक्षण पर्व सुरू होतंय. दहा दिवस मी घरी असतो, व्रत असतं. वर्ग होणार नाही." मग अगदी हळू आवाजात, "संयोगिता, तेवढे दिवस थांबाल? मी आल्यावर बोलतो. नक्की बोलतो."

एरवी 'मॅडम' म्हणणारा तो नावावर पहिल्यांदाच आला होता. तेवढ्या एका हाकेच्या जिवावर तिनं सगळे गणपती काढले. आरतीत लक्ष नाही, मोदकात चव नाही. मिरवणुका गेल्या, ढोल थांबले, रस्त्यावर गुलालाचा चिखल तेवढा उरला. आणि रविवारी सकाळी सम्मेदचा फोन आला — व्हरांड्यात येता का?

ती आली. तो आधीच उभा होता. उपासानं चेहरा उतरलेला, पांढरा सदरा, डोळे तिच्यावर. त्यानं दोन्ही हात जोडले, थोडा वाकला आणि म्हणाला,

"संयोगिता, कळत-नकळत माझ्या बोलण्यानं, वागण्यानं तुमचं मन दुखावलं असेल, तर मला क्षमा करा."

झालं. संपलं. एवढ्या दिवसांची वाट बघून पदरात काय पडलं, तर क्षमा! घरचे नाही म्हणाले असणार. आणि हा सज्जन माणूस, हात जोडून, सभ्यपणे निरोप घेतोय...

"केली," ती कशीबशी म्हणाली. "क्षमा केली. उपकार झाले शिकवलंत त्याचे."

"अहो, थांबा, मी—"

पण ती थांबली असती तर त्याच्यासमोर रडली असती, आणि ते तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. स्कूटी सुरू केली, फोन बंद केला आणि तडक घर गाठलं.

"आक्का, कागलला हो सांग."

आक्का तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, फोन हातात घेतला, पण नंबर काही लावेना. "तोंड असं का केलंयस? होकार देत्यात का मयताचा सांगावा धाडत्यात?"

मग मात्र बांध फुटला. लॅटिन, व्हरांडा, 'समोर बसून म्हणायला अवघड', सगळं सगळं हुंदक्यांतून बाहेर पडलं. "...आणि आज हात जोडून म्हणाला, मन दुखावलं असंल तर क्षमा करा. संपलं, आक्का!"

आक्का तिच्याकडं बघतच राहिली. "पोरगा जैनाचा हाय व्हय?"

"व्हय."

"अगं येडे, आज क्षमावणी हाय त्यांची! पर्व संपलं की लहानथोर सगळ्यांची क्षमा मागत्यात. समोरच्या चंदनाताई सकाळी दारात येऊन हात जोडून गेल्या. 'कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा करा.' मग, चंदनाताईनं काय माझ्यासंगं लगीन मोडलं?"

संयोगिताचं रडणं जागच्या जागी थांबलं. गारगोटीकडच्या तिच्या खेड्यात एकही जैन घर नव्हतं. तिला कोण सांगणार होतं हे!

"म्हणजे... तो पुढं काहीतरी बोलणार होता?"

"ते त्यालाच इचार. मला काय लॅटिन येतंय?" आक्कानं पदर खोचला. "आणि ऐक. कांदा न्हाई, लसूण न्हाई, रश्श्याचा वाससुद्धा न्हाई. झेपंल का तुला? आत्ताच बोल, मागनं माझ्याकडं येऊन रडायचं न्हाई."

"झेपंल," संयोगिता म्हणाली. मग खरं तेच बोलली, "थोडं जड जाईल, पण झेपंल."

"मग काढ गाडी. कागलच्या माणसांना लटकत ठिवणं बरं न्हाई, आज काय ते कळलंच पायजे. मीबी येतो."

वडगावात मगदुमांचं घर शोधायला त्रास पडला नाही. दारात चपलांचा ढीग होता, माणसं येत होती, हात जोडून जात होती. सम्मेद घराच्या पुढच्या सोप्यात बसला होता. ह्या दोघींना बघून तो उठला तो इतक्या घाईनं, की चष्मा हातातच राहिला.

"मला क्षमा करा," संयोगितानं सगळ्यांदेखत हात जोडले. "मी तुमचं बोलणं पुरं ऐकलंच न्हाई."

आतून त्याची आई आली. रोहिणीताईंनी तिला नीट न्याहाळलं, राग न धरता.

"तूच होय गं ती? पर्वाच्या आदल्या रात्रीच ह्यानं घरात सांगितलं. म्हटलं, पर्वात घरात वाद नको, दहा दिवस जाऊ देत. ह्याचे वडील तर तेव्हापासून ह्याच्याशी बोलतच नव्हते."

"मग आता?" आक्का आडपडदा ठेवणारी नव्हतीच.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या नेमिनाथ मगदुमांनी घसा खाकरला. "आज अबोला कसा ठेवायचा, बाई? पहाटे मीच हात जोडले त्याच्यापुढं. माझ्याच पोरापुढं. राग अजून पुरता गेला नाही माझा. पण मी अडवणार नाही."

"आमची पोरगी मटण खात्या," आक्कानं बजावलं.

"ह्या घरात शिजणार नाही," रोहिणीताई म्हणाल्या. "माहेरी काय खाल्लं, ते मी विचारणार नाही."

"मग बाळासोला मी बघतो. धाकटा हाय माझ्यापरास, ऐकतोय." आक्का ऐसपैस बसली. "आता पोरा, तू बोल. सकाळी राहिलेलं."

आलेले पाहुणेसुद्धा निघायचं विसरले. सम्मेदचे कान पुन्हा लाल.

"लॅटिनमध्ये... सांगितलं तर चालेल?"

"अजिबात न्हाई," संयोगिता म्हणाली. "आक्काला कळाय पायजे."

त्यानं चष्मा घातला. ह्या खेपेला मान खाली घातली नाही.

"दहा दिवस मी एकवेळ जेवून होतो. भूक लागली की देवाचं नाव घ्यायचं असतं. मला तुमचं आठवायचं. देवाची त्याबद्दल मी क्षमा मागितलीय. तुमची मागणार नाही. संयोगिता... मला तुम्ही आवडता. फार आवडता. माझ्याशी लग्न कराल?"

सकाळपासून ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते वाक्य असं भर सोप्यात, दहा माणसांत, साध्या मराठीत समोर आलं. संयोगितानं डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले.

"करतो की!" ती म्हणाली, आणि शेजारी आक्कानं कागलला फोन लावला.