अ‍ॅक्सिलरेटेड आंबे

"माह्या आंब्यात खोट काढणारा अजून जन्माले यायचा हाय!" टेम्पोवर हात आपटत खेमसिंगमामा गरजला.

तेवढ्यात त्याच्या भाच्यानं, जीवननं, आंब्याचा घास घेतला आणि पचकन थुंकला. घास पडला तो मामाच्या पांढऱ्या बुटावर!

"मामा, वरून पिवळा अन् आतून लाकूड! जीभ जळून राह्यली!"

"तुह्या जिभेलेच चांगल्या मालाची सवय नाई! बोर्ड वाच बे!"

टेम्पोवर लिहिलं होतं, 'अ‍ॅक्सिलरेटेड मँगोज'. मामानं हा शब्द मोबाइलला विचारून काढला होता. लांबलचक दिसला, म्हणून आवडला.

महागावजवळच्या तांड्यावर आज हळद होती. उद्या जीवनच्या ताईचं, बबिताचं लग्न. पंगतीचा आमरस मामाकडून. अख्खा तांडा हाच आंबा खाणार होता!

जीवन धावत गावात गेला. त्याची मैत्रीण, नववीतली मोनाली आणि तिचा वात्रट भाऊ राजदीप ओट्यावरच भांडत होते. जीवननं बोर्डावरच्या शब्दाचा अर्थ विचारला.

"अ‍ॅक्सिलरेटेड म्हणजे फास्ट," राजदीप म्हणाला. "मोनाताई भजे खाते ना, तसं."

"गप बे! फास्ट वेगळं. चित्ता जन्मापासूनच फास्ट असते. अ‍ॅक्सिलरेटेड म्हणजे नेहमीपेक्षा जोरात पळवलेलं. एक्सलेटर पिळल्याशिवाय बाबाची गाडी जोर धरते का?"

"नाई."

"मंग या आंब्याचं एक्सलेटर कोण पिळून राह्यलं?"

तिघंही तांड्यावर जीवनच्या गोठ्याकडे सुटले. तिथं मामाच्या आंब्यांचे कॅरेट रचलेले होते. आंब्यांखालच्या वाळल्या तणसात हात घातला, तर कागदाच्या पुड्या! आत राखाडी खडे आणि लसणासारखा घाण वास.

"कार्बाइड!" मोनाली ओरडली. "यानं आंबे पिकवाले बंदी हाय!"

"चोरट्याहो!" मागून मामानं पुड्या हिसकल्या, कुर्त्याच्या खिशात कोंबल्या आणि तिघांना कान धरून मांडवात नेलं. "बाई, हे पोट्टे माल चोरून राह्यले! हाकला यायले!"

जीवनची आई बिजलीबाई संतापली. "जीवन! बहिणीच्या हळदीत चोऱ्या?"

"काकू, मामाच्या खिशात कार्बाइड हाय!" मोनाली म्हणाली.

"मीठ हाय ते! खाली ठेवलं तं आंबा गोड होते!"

"मीठ ना? मंग पाण्यात टाकून दाखवा."

"खिशाले हात लावला तं टंगडी तोडीन!"

जीवननं हळदीच्या पाण्याची बादली उचलली. "अरे, मामाले हळद नाई लागली अजून!"

हळदीत कुणी रागवायचं नसतं. मांडवभर बाया हसल्या, बादली मामाच्या अंगावर रिकामी झाली आणि जीवनच्या हातून पडून फुटली.

फस्सस्स! खिसा फुसफुसू लागला. वाफ निघाली, वास सुटला.

"विड्या विझवा!" मोनाली किंचाळली. "हा गॅस पेटते!"

"भाजलो! भाजलो!" मामा नाचू लागला. मदत म्हणून एका आजोबांनी दुसरी बादली ओतली. फुसफुस दुप्पट झाली!

"कुर्ता फेका मामा!"

कुर्ता दूर उकिरड्यावर पडला. मामा भोकाभोकांच्या बनियनवर उभा होता.

"मोनाताई," राजदीपनं विचारलं, "आता मामा अ‍ॅक्सिलरेटेड झाला का?"

"झाला. बरोबर वापरला शब्द!"

बिजलीबाई भावावर तुटून पडली. "माह्या पोरीच्या पंगतीत हे जहर वाढणार होता तू? उचल सगळं!"

मांडवामागच्या खड्ड्यात एकेक कॅरेट मामालाच रिकामं करावं लागलं. कुणी हात लावला नाही. आमरसाऐवजी बुंदी ठरली.

तांड्याचे नायक रूपसिंग मुलांकडे वळले. "बोर्ड आम्ही सगळ्यायनं वाचला. अर्थ तुम्ही इचारला. शाबास पोट्टेहो!" मग लगेच डोळे वटारले. "अन् माही बादली कोणी फोडली?"

मामा टेम्पोत बसला आणि त्यानं रागारागानं एक्सलेटर दाबला.

गिअर रिव्हर्सचा होता. टेम्पो आंब्यांच्या खड्ड्यात गेला. एकही आंबा फुटला नाही.