पाणी पाजलेली होडी

लाईट गेली तर गेली. गच्चीवर वारा आहे, चटई आहे, आणि घरात जाऊन तुम्ही करणार तरी काय? सोहम, तो मोबाईल उलटा ठेव बघू. तेजल, गोष्ट तूच मागितलीस, तेव्हा नंतर जिना उतरायला सोबत मागू नकोस. आणि ही ऐकीव गोष्ट नाही. दिनानाथ प्रधान माझ्याच कंपनीतले. अंबरनाथला आम्ही वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काढली. त्यांनी मला हे एकदाच सांगितलं, आणि सांगताना सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते.

दिनानाथ होते क्वालिटीचे साहेब. माणूस लाखात एक, पण त्यांच्याकडून माल पास करून घेताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. २०१४ साली कुठलासा सेलिंग क्लब बंद पडला, तिथून त्यांनी एक जुनी शिडाची होडी आणली. सोळा फुटी, लाकडी, एका डोलकाठीची. बदलापूरच्या सोनिवलीत त्यांचा एक प्लॉट होता. त्यावर पत्र्याची शेड घातली आणि होडी लाकडी घोड्यांवर चढवून आत ठेवली. कुठे समुद्र, कुठे बदलापूर! लोक हसले. पण त्यांचा एकुलता एक मुलगा अवधूत तेव्हा दहावीत होता, आणि त्याला त्या होडीचं वेडच लागलं.

दर रविवारी बापलेक शेडमध्ये. घासायचं, रंगवायचं, परत घासायचं. अवधूत विचारायचा, "बाबा, या दिवाळीला पाण्यात सोडायची ना?" दिनानाथ फळीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून एक हात मारू. घाई कसली?" अशा सात दिवाळ्या गेल्या. होडी काही पास झाली नाही.

तोवर पोराला सगळं शिकवलं मात्र. शीड कसं चढवायचं, सुकाणू कसं धरायचं. आणि एक नियम तर घोकूनच घेतला होता. होडीत पाणी दिसलं, की पहिलं ते उपसायचं. बाकी सगळं नंतर. अवधूत कोरड्या होडीत बसून पत्र्याच्या डब्याने हवाच उपसायचा आणि बापाला चिडवायचा, "बघा साहेब, एक थेंब ठेवला नाही!"

२०२१च्या सप्टेंबरात त्याला डेंग्यू झाला. चार दिवसांत गेला. तेवीस वर्षांचा.

त्यानंतर दिनानाथांनी शेडला कुलूप लावलं ते दोन वर्षं काढलंच नाही. प्लॉट विकायचं ठरलं तेव्हा होडी समोर आली. सोमवारी बिल्डरची माणसं शेड पाडायला येणार होती. उरणच्या बाळाजी नावाच्या माणसाने फोटो बघून होडी घ्यायची तयारी दाखवली. रविवारी सकाळी येतो म्हणाला, पण लवकर, कारण दुपारी वर्ल्ड कपची फायनल. म्हणजे तो रविवार १९ नोव्हेंबर २०२३. तारीख मला पाठ आहे.

दिनानाथांच्या बायकोने, उमाताईंनी, एवढंच म्हटलं, "विका. मी अडवत नाही. पण एकदा तरी तिला पाणी दाखवायला हवं होतं हो तुम्ही." दिनानाथांना ते लागलं. लागणारच. ते शिडाची गुंडाळी घेऊन घराबाहेर पडले.

शीड दोन जागी फाटलं होतं. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणारा कमलेश होता. जाड कापडाचं मशीन त्याच्याकडेच. त्याने शीड ओळखलं. "अरे, ये तो अवधूत का है! साहब, लड़का साथ में नहीं आया?"

दिनानाथ म्हणाले, "बाहेर गेलाय."

"अच्छा है, अच्छा है. बोलना कमलेश याद करता है."

दिनानाथांनी मान हलवली. शीड शिवून होईपर्यंत ते दुकानाबाहेर उभे राहिले.

होडीचं लाकूडकाम बघायला शिवमंदिराजवळचे महिपती सुतार आले. हा म्हातारा मूळचा कोकणातला, तरुणपणी होड्या बांधलेला, आता फ्लॅटची दारं बसवायचा. त्याने फळ्यांच्या फटीत नख घातलं आणि कपाळावर हात मारला. "सायेब, एवढी वर्षं तापल्या पत्र्याखाली ठेवलीत? लाकूड आटलंय पार. अशी पाण्यात घातली तर चाळणीसारखी गळंल."

"मग आता?"

"तिला पाणी पाजा. काठोकाठ नको, गुडघाभर भरा. तीन रात्री राहू द्या. फळ्या फुगतील, फटी आपोआप मिटतील. आमच्याकडं असंच करतात."

गुरुवारी संध्याकाळी दिनानाथांनी पिंपातलं नळाचं पाणी बादल्यांनी होडीत ओतलं. गुडघाभर. कुलूप लावून घरी गेले. शुक्रवारी सकाळी बघतात, तर होडी रिकामी. गळून गेलं असेल, असंच त्यांना वाटलं. संध्याकाळी पुन्हा भरली. शनिवारी सकाळी पुन्हा रिकामी. तेव्हा महिपती आले, वाकले, होडीखालची माती हातात घेतली. जेमतेम ओलसर. मग उजव्या बाजूला गेले. तिथे मात्र चिखल. घोटा बुडेल एवढा.

"सायेब, हे गळलेलं नाय. गळलं असतं तर खाली चिखल झाला असता." म्हाताऱ्याने चिखलाकडे बोट दाखवलं. "हे कोणतरी उपसलंय."

"कुलूप तर जसंच्या तसं आहे."

महिपतींनी हात झटकले. त्या दिवशी चहासुद्धा न घेता गेले.

आता एकच रात्र उरली होती. होडी गळकी निघाली तर बाळाजी परत जाणार, आणि सोमवारी शेडबरोबर तीही मोडली जाणार. जळणाला जाणार. दिनानाथांनी ठरवलं, आज आपण इथेच झोपायचं. चोर असो, टवाळ पोरं असोत, बघून घेऊ. त्यांनी होडी भरली, दाराला आतून कडी घातली, डाव्या भिंतीशी सतरंजी टाकली आणि दिवा मालवला. बटण हाताशीच होतं. अकरा वाजले होते. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, समोरच्या बिल्डिंगमध्ये एकदोन कंदील अजून लागलेले. षष्ठीचा चंद्र मावळायला आला होता. थोड्या वेळाने कंदीलही विझले.

डोळा कधी लागला ते त्यांना कळलं नाही. जाग आली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळ बघितलं म्हणून नक्की माहीत.

आवाज येत होता.

खर्रर्र... छप्.

पत्रा लाकडावर घासल्याचा. मग पाणी मातीवर पडल्याचा.

खर्रर्र... छप्.

दिनानाथ हलले नाहीत. दाराची कडी तशीच होती, फटीतून येणाऱ्या रस्त्याच्या उजेडात दिसत होती. होडीपाशी अंधार. आवाज तिथून. घाईघाईने. कुणीतरी जिवाच्या आकांताने उपसत होतं.

आणि त्यांना कळलं.

घाबरले का? मीही तेच विचारलं. म्हणाले, आधी घाबरलो. मग भीती सरली, पोराचंच वाईट वाटलं. कारण पोराला एकच नियम शिकवला होता. पाणी दिसलं की पहिलं उपसायचं. तो तीन रात्री तेच करत होता. त्याला वाटत होतं, होडी बुडतेय. बाबांची होडी बुडतेय, आणि बाबा येत नाहीत.

"अवधूत..."

खर्रर्र... छप्.

"अरे, पाणी मीच भरलंय. बुडत नाहीये ती. राहू दे बाळा. दमशील."

खर्रर्र... छप्. खर्रर्र... छप्.

दिनानाथ उठून बसले. शेवटी जे सांगायला जीभ रेटत नव्हती, ते सांगितलं.

"मी ती विकतोय रे. उद्या."

आवाज थांबला.

काही नाही. पत्र्यावर पानसुद्धा वाजेना...

"तयारच होती ती," दिनानाथ म्हणाले. "केव्हाची तयार होती. तू म्हणत होतास तेव्हाच सोडायला हवी होती. मलाच... मलाच भीती वाटायची. तुला काही झालं तर, म्हणून. म्हणून काहीतरी खोट काढत राहिलो."

मग, खूप वेळाने... हळू. अगदी हळू.

खर्रर्र...

...छप्.

दिनानाथांचा हात बटणावर होता. दाबलं नाही. दिवा लावला आणि कुणीच दिसलं नाही, तर? तर हेही जाईल. त्यांनी हात काढला. चाचपडत पिंपावरचा मग घेतला. होडीच्या कडेवर पाय टाकला. आत उतरले. पाणी बर्फासारखं गार. ते डाव्या बाजूला बसले, आणि होडी तेवढी कलली...

...आणि परत सरळ झाली. समोर, उजवीकडे, कुणीतरी वजन टाकलं होतं.

"चल," ते म्हणाले. "दोघं मिळून."

ते डावीकडे टाकत होते. समोरून उजवीकडे पडत होतं. खर्रर्र, छप्. खर्रर्र, छप्. पुढे पुढे दोघांचा ठेका जमला. दिनानाथ रडत होते, आणि उपसत होते. किती वेळ, त्यांनाही सांगता आलं नाही.

पहिला कावळा ओरडला. समोरचा आवाज थांबला.

त्यांनी तळाला हात लावून पाहिला. एक थेंब नव्हता.

सात वाजता उमाताई नारळ आणि हळदकुंकू घेऊन आल्या. दिनानाथ होडीतच बसलेले, भिजलेले, पाण्याचा मग मांडीवर. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. उमाताईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी पदराने आधी नवऱ्याचं तोंड पुसलं, आणि मग होडीला हळदकुंकू लावून लेकीसारखी तिची ओटी भरली.

बाळाजी टेम्पो घेऊन आला. दिनानाथांनी स्वतःहून सांगितलं, "फळ्या भिजलेल्या नाहीत. गळेल." बाळाजीने फळीवर दोन बुक्क्या मारल्या, शीड उलगडून बघितलं आणि हसला. "लाकूड एकदम चांगलं हाय, काका. भिजवायचं काय, मी खाडीत बुडवून ठेवीन आठ दिस. पास हाय होडी." ते ऐकून दिनानाथ पाठ फिरवून उभे राहिले. होडी गेली.

बिल्डरच्या माणसांनी मॅचमुळे सोमवारचा बुधवार केला. बुधवारी सकाळी नवराबायको शेवटचं सामान घ्यायला गेले. तोवर जमीन वाळली होती. डावीकडे, जिथे दिनानाथांनी पाणी टाकलं होतं, तिथे नुसती माती. उजवीकडे मात्र मातीवर पांढरा थर आला होता. जाडसर, चरचरीत. पिंप एकच, पाणी एकच, नळाचं.

दिनानाथांना वाटलं, चुना असेल. उमाताई खाली बसल्या. बोटाने उचलून जिभेला लावलं.

"मीठ आहे," त्या म्हणाल्या. "समुद्राचं."

नंतर शेड पडली, जमीन खोदली, पाया भरला. तो प्लॉट म्हणजेच आपली ही बिल्डिंग, पोरांनो. पार्किंगमध्ये चार नंबरच्या खांबाजवळ पांढरं उगवतं ना, ज्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी भांडण होतं? तेच. टाइल्स दोनदा बदलल्या, वॉटरप्रूफिंगवाला हात टेकून गेला. वॉचमन रात्री पुसतो, सकाळी परत असतं.

उमाताई अजूनही महिन्यातून एकदा येतात. त्या खांबाशी वाकतात, बोट टेकवतात, जिभेला लावतात आणि निघून जातात. परवाच येऊन गेल्या.