पुसलेल्या ओळी

"ओ भाऊ, उठा. ही माझी सीट आहे."

हिंगण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सीटांवर कोणाची नावं नसतात. पण कोण कुठे बसतं, हे ड्रायव्हरसकट सगळ्यांना पाठ असतं. मागच्या चाकावरची, जिची काच अर्धीच सरकते, ती खिडकी दीक्षाची. आज ती मानकापूरला धुक्यातून धावत येऊन चढली, तर तिथे एक अनोळखी तरुण लॅपटॉपची बॅग उशाशी घेऊन खुशाल पेंगत होता.

त्याने एक डोळा उघडला. "नाव लिहिलं आहे का सीटवर?"

"लिहाले कशाले पाहिजे? विचारा कोणाले बी."

मागून प्रेमिलाताईंनी मान डोलावली. दीक्षाच्याच टेबलाशेजारी बसणाऱ्या, ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या त्याच. "उठ गा बाबू. नाही तं हे पोरगी हिंगण्यापर्यंत सोडत नाही तुले."

तो उठला, वरचा दांडा धरून उभा राहिला, आणि हसला. हसला, हे दीक्षाला अजिबात आवडलं नाही.

"कोराडीपासून इतकी छान झोप लागली होती…"

"झोपाचं असन तं घरी राहायचं, भाऊ."

तासाभरात तोच तरुण तिच्या टेबलासमोर उभा होता. नाव संघपाल.

कंपनी मोटारपंपांची. दीक्षा तक्रारींच्या टेबलावर. गिऱ्हाइकं वेबसाइटवर तक्रार लिहायची, ती तिथे पडून राहायची, पान पुन्हा उघडल्याशिवाय इकडे कोणाला दिसायचीच नाही. तोवर तिकडचा माणूस फोन करून दीक्षाला शिव्या देऊन मोकळा. म्हणून मालक भैयाजींनी ठरवलं होतं, साइटवर चॅट पाहिजे. आणि ते बनवायला आला होता हा झोपाळू.

"दोन्ही टोकांमधली वाट आता उघडीच राहील," त्याने समजावलं. "इकडे लिहिलं की तिकडे पोचलं. बसू का? का हीही सीट तुमचीच?"

चाचणीसाठी दीक्षा गिऱ्हाईक झाली आणि तो काचेपलीकडच्या केबिनमध्ये कंपनीचा माणूस.

'पंप सुरू होत नाही,' तिने पाठवलं.

'वीज आहे का?'

'वीज नसती तर तुमचं तोंड पाहायला आले असते का, भाऊ?'

पडद्यावर 'लिहीत आहेत…' उमटलं, तीन ठिपके नाचले. 'तोंड पाहायची सोय अजून बनवलेली नाही. सुचवल्याबद्दल आभार.'

ती हसली, आणि काचेपलीकडे दिसू नये म्हणून खाली वाकून पेन शोधू लागली.

मग असं होऊ लागलं की, ती काहीतरी लिहायची आणि पुसायची. 'निळा शर्ट बरा दिसतो' लिहिलं, जीभ चावली, पुसलं. दुसऱ्या दिवशी तोच निळा शर्ट. 'कॅन्टीनच्या चहात आलं कधी पडेल' लिहिलं, पुसलं. सकाळी टेबलावर थर्मास, झाकण उघडताच आल्याचा वास. कसं ओळखतो हा… न सांगता? बसच्या अर्ध्या काचेतून येणारा गार वारासुद्धा तिला आताशा बरा वाटू लागला होता.

एका दुपारी तिने लिहिलं, 'काम संपलं की तुम्ही जाल. मग मी भांडू कोणाशी?' त्या ओळीकडे खूप वेळ पाहिलं. एकेक अक्षर पुसलं. पाठवलं फक्त, 'पंप अजून बंद आहे.'

तो काचेतून तिच्याकडे पाहत होता.

पुढच्या आठवड्यात बाजू बदलल्या. दीक्षा कंपनीच्या बाजूने बसली, प्रेमिलाताई गिऱ्हाईक झाल्या. आणि दीक्षाच्या पडद्यावर फिकट करड्या रंगात अक्षरं सरपटत आली… 'भैयाजींना पंपातलं ओ की ठो कळत नाही'… मग मागून एकेक पुसली गेली. त्यानंतर ठळक, सभ्य ओळ उमटली, 'नमस्कार, माझी तक्रार आहे.'

दीक्षा मोठ्याने हसली. आणि मग ती करडी ओळ तिने मनात पुन्हा वाचली.

निळा शर्ट. आलं. भांडू कोणाशी.

तिने त्याला कॅन्टीनच्या दारात गाठलं. "कधीपासून वाचून राहिले तुम्ही?"

त्याला कळलं. "पहिल्या दिवसापासून."

"वा!"

"भैयाजींनीच सांगितलं होतं, की गिऱ्हाईक काय लिहून राहिला ते आधीच दिसलं पाहिजे, म्हणजे उत्तर तयार राहते… मी तुम्हाले सांगणार होतो."

"कधी? माझ्या लग्नात आहेर द्याले आले असते तेव्हा?" तिचा आवाज चढला, मग फाटला. "पुसलं होतं मी ते! माणूस पुसते काहून? सांगायचं नसते म्हणून! माझं बोलणं माझ्या तोंडातून निघाच्या आधीच तुम्ही कान लावून बसले. आणि चहा पाजून राहिले वरून!"

"दीक्षा…"

"उद्या कुही गावची कोणी बाई रागात काही लिहीन, शहाणपणानं पुसन, आणि ते मी इथं बसून वाचू? मी बसणार नाही त्या खुर्चीवर. हे काढा. नाही काढलं तं माझ्याशी बोलू नका, भाऊ!"

तो 'भाऊ' असा आपटला की कॅन्टीनवाल्यानेही मान वर केली.

त्यानंतर बसमध्ये जागा रिकामी असली तरी संघपाल दांडा धरून उभाच राहायचा. दीक्षा खिडकीबाहेर पाहायची. धुकं होतं, दिसत काहीच नव्हतं, तरी पाहायची. राग तर होताच. पण या रागावर बोलायला तोच एक माणूस होता, याचा तिला जास्त राग येत होता.

मग एके दिवशी केबिनमधून भैयाजींचा आवाज आला. "साइट माझी आहे! मले दिसलंच पाहिजे!"

"मंग दुसरा माणूस पाहा, भैयाजी," संघपाल म्हणत होता. "मी ते आज काढून राहिलो. मी बनवालेच नव्हतं पाहिजे."

दीक्षा उठली आणि दार न वाजवता आत गेली. "भैयाजी, काढाच्या आधी एक डाव तुम्ही गिऱ्हाईक व्हा ना. माझ्या टेबलावर बसा, लिहा काही. मी इथून पाहते."

भैयाजी तिच्या खुर्चीवर जाऊन बसले, दोन बोटांनी टकटक करू लागले. दीक्षाने केबिनमधून अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं वाचलं, "'हे पोरगी जास्तच शाणी झाली'… पुसून राहिले भैयाजी… 'पण काम चांगलं करते'… आता हेही पुसून राहिले! हे काहून पुसता, भैयाजी?"

प्रेमिलाताईंनी पदर तोंडाशी नेला. भैयाजींचे कान लाल झाले. "काढा रे ते! आत्ताच्या आत्ता काढा!"

संध्याकाळी बसला वेळ होता. संघपाल दाराशी घुटमळला. "काढलं. आता फक्त ठिपके दिसतात… पण तुम्ही म्हणाल तं एक दिवस उलटं करू. तुम्ही माझं पुसलेलं वाचा. फिट्टमफाट."

"मले तुमचं पुसलेलं नाही पाहिजे," दीक्षा म्हणाली. "पाठवाची हिंमत असन ते पाठवा."

तो काचेपलीकडे जाऊन बसला. 'लिहीत आहेत…' ठिपके नाचले. थांबले. पुन्हा नाचले. पुन्हा थांबले. दीक्षाची बोटं टेबलावर ताशा वाजवू लागली. अरे, कादंबरी लिहितो का हा!

शेवटी आलं.

'तक्रार. आपल्या कार्यालयातील एक बाई मला सतत भाऊ म्हणतात. मला ते मंजूर नाही, कारण माझं त्यांच्यावर प्रेम आहे. न विचारता वाचलं, त्याची माफी मागतो. कृपया विचार व्हावा.'

दीक्षाने एकदाही काचेकडे पाहिलं नाही. कीबोर्ड ओढला आणि लिहायला घेतलं. खूप लिहिलं. सगळं पुसलं. पुन्हा लिहिलं, ओठ दाबून हसली, पुन्हा पुसलं. पलीकडे तो बिचारा तीन ठिपक्यांकडे डोळे लावून बसला होता. बसू दे. तिने काय काय लिहिलं आणि काय पुसलं, ते तिचं तिलाच ठाऊक, आणि ते तसंच असायला हवं.

बाहेर बसचा हॉर्न वाजला तेव्हा तिने एवढंच पाठवलं.

'तक्रार मान्य. उद्यापासून खिडकी माझी, बाजूची सीट तुझी.'