मुकादमचे बंद डबे

चंद्रावर संक्रांत नेमकी कधी येते, याबद्दल जाणकारांत मतभेद होते. तिळगुळाबद्दल मात्र नव्हते. त्यामुळे तिसऱ्या चांद्रवस्तीच्या स्वयंपाकघरात लाडू वळून तयार होते आणि ते सगळ्या वस्त्यांना पोचवणाऱ्या गाड्या अर्ध्या तासात सुटणार होत्या. लाडवांत तीळ, गूळ आणि अर्थातच शेंगदाण्याचं कूट. मराठी माणूस पृथ्वी सोडेल, कूट सोडणार नाही.

"शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले लोक वेगळे काढलेस ना रे?" निहारिकाच्या अप्पाआजोबांनी विचारलं. अप्पा माहितीशास्त्रज्ञ (माहिती कशी ठेवावी आणि शोधावी याचा अभ्यास करणारे). निवृत्त झाल्यापासून ते जास्तच कामात असत.

"काढले. एकूण दोन," भांडाररोबो मुकादम म्हणाला.

निहारिकाने पडद्यावरची दोन्ही नावं पुन्हा एकदा वाचली. "यात जुनैद कुठंय?"

जुनैद परकार तिच्याच बाकावर बसायचा. गेल्या वर्षी चिक्कीचा एवढासा तुकडा खाऊन त्याचा श्वास अडकला होता. डॉक्टर धावत आले म्हणून निभावलं.

"जुनैद परकार. ॲलर्जी: शेंगदाणा, तीळ, अंडं," मुकादमने लगेच सांगितलं.

"मग तुझ्या दोघांत तो का नाही?"

"मला विचारलं होतं, कोणाची ॲलर्जी 'शेंगदाणा' आहे? त्याची 'शेंगदाणा, तीळ, अंडं' आहे. ती वेगळी."

मुकादमच्या आवाजात ओशाळलेपणा नव्हता. तो त्याच्यात बसवलेलाच नव्हता.

"अप्पा, हा वेडा आहे का?"

"छे गं. इतका आज्ञाधारक कोणी मी पाहिला नाही. विचारलं तेवढंच करतो. चूक विचारणाऱ्याची." अप्पांनी तिचा जेवणाचा डबा पुढे ओढला. "समज, डेटाबेसमध्ये (नीट रचलेल्या माहितीच्या कोठारात) माणशी असा एक डबा आहे. डब्यात ओळीने खण, खणात एकेक ॲलर्जी. अशा ओळीला ॲरे (एकाच जागी क्रमाने ठेवलेली अनेक मूल्यं) म्हणतात. आज तुझ्या डब्यात काय आहे?"

"पोळी, भेंडी, लोणचं."

"आता मी विचारलं, कोणाचा अख्खा डबा म्हणजे फक्त भेंडी? तर तुझं नाव येईल?"

"नाही. कोणाच्या डब्यात भेंडी *आहे*, असं विचारायला हवं!" निहारिका वळली. "मुकादम, ज्याच्या कुठल्याही खणात शेंगदाणा सापडेल, तो प्रत्येक जण सांग."

"उत्तम प्रश्न," मुकादम म्हणाला. "वीस मिनिटं लागतील."

बाहेर चंद्रावरची रात्र होती, पृथ्वीवरच्या जवळजवळ पंधरा दिवसांएवढी. तेवढा काळ ऊन नाही, म्हणून सौरवीज नाही, म्हणून यंत्रं रांगत चालवायची. आणि वस्त्यांत मिळून माणसं साडेतीन लाख. तेवढ्या डब्यांची झाकणं उघडायची म्हणजे वेळ जाणारच.

"आणि तीळ?" निहारिकाला आठवलं. "लाडवात तीळही आहेत."

"तो दुसरा प्रश्न. आणखी वीस मिनिटं."

"त्यांना राजगिऱ्याचे लाडू द्यायचे, तर राजगिरा तरी चालतो का बघायला नको?"

"आणखी वीस."

अप्पांनी घड्याळाकडे पाहिलं. तोवर गाड्या सुटल्या असत्या आणि जुनैदच्या हातात लाडू पडला असता. जुनैदला निदान माहीत होतं; वस्तीवस्तीतल्या बारक्या पोरांना कोण विचारणार?

निहारिका डब्याकडे बघत राहिली. झाकण उघडायचं, भेंडी शोधायची, झाकण लावायचं. मग लोणच्यासाठी पुन्हा तेच?

"अप्पा! झाकण एकदा उघडलंच आहे, तर आत दिसेल ते सगळं टिपून का नाही ठेवायचं? भिंतीवर खुंट्या मारू. एक शेंगदाण्याची, एक तिळाची, एक राजगिऱ्याची. ज्याच्या डब्यात जे सापडेल, त्या त्या खुंटीवर त्याच्या नावाची चिठ्ठी. मग डबे उघडायचेच नाहीत, खुंटी बघायची!"

अप्पांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. "याला उलटा इंडेक्स (माणसावरून वस्तू न शोधता वस्तूवरून माणूस शोधायची सूची) म्हणतात," ते म्हणाले. "मला तो कॉलेजात गेल्यावर दुसऱ्यांनी शिकवला, तेव्हा कळला. मुकादम, हो सुरू."

वीस मिनिटं मुकादम डबे उघडत राहिला. मग निहारिकाने विचारलं, "शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या खुंटीवर कोण कोण?" प्रश्न संपायच्या आत पडदा नावांनी भरला. त्यात जुनैद होता. "यांतले राजगिऱ्याच्या खुंटीवर कोण?" पाच नावं. त्यांना खजूर. बाकीच्यांना राजगिरा. गाड्या दोन मिनिटं उशिरा सुटल्या, आणि संक्रांतीच्या मुहूर्ताला त्याने काही फरक पडला नाही.

"एक सांगतो," मुकादम म्हणाला. "आता नवा माणूस आला की डबाही भरायचा आणि खुंट्यांवर चिठ्ठ्याही लावायच्या. माझं काम वाढलं."

"वाढलंच," अप्पा खूश होऊन म्हणाले. "शोधताना वाचलेला वेळ साठवताना थोडा मोजावा लागतो."

संध्याकाळच्या घंटेनंतर जुनैद राजगिऱ्याचा लाडू खात खिडकीत बसला होता. बाहेर दुर्बिणीची तबकडी दूरच्या ग्रहांकडे वळली होती.

"ग्रहांचेही डबे असतील ना अप्पा?" निहारिकाने विचारलं. "एकेका ग्रहाच्या हवेत काय काय सापडलं त्याचे?"

"आहेत की. हजारो."

"मग खुंट्या मारू. पाण्याची एक, ऑक्सिजनची एक. दोन्हींवर नाव असलेला ग्रह कुठला, ते विचारू."

"नीट विचारलंत तर सांगेन," मुकादम म्हणाला.

"आणखी एक खुंटी मार," जुनैद तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "कुटाची. तिच्यावर ज्याचं नाव नसेल, त्या ग्रहावर मी येतो."